खरवडलेले नंबर

ताईला राग येत नाही असं म्हणणारा माणूस त्या गल्लीत अजून जन्माला यायचा होता. रेडिओ घेऊन येणारं गिऱ्हाईक आधी दारातूनच अंदाज घ्यायचं. ती काम करताना गुणगुणत असली तर आत यायचं, आणि कपाळावर आठ्या असल्या तर समोरच्या सलूनमध्ये जाऊन दाढी करून घ्यायचं आणि मग यायचं. सलूनवाला म्हणायचा, "ताईच्या रागावर माझा धंदा चाललाय." हे त्याने तिच्या तोंडावर सांगितलं होतं आणि ती हसलीही होती. म्हणजे राग नाकाच्या शेंड्यावर असला तरी तो आला तसा जायचाही. पण तिचा आणखी एक राग होता, तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेला. तो एकाच माणसावर होता, तिच्या बापावर.

अप्पांनी आता सत्तरी ओलांडली होती. दुकानाच्या मागे दोन खोल्या, त्यात ही बापलेक राहायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. दादा, म्हणजे ताईचा थोरला भाऊ, दुसऱ्या शहरात नोकरीला होता. ताईचं लग्न झालं नव्हतं, आणि का झालं नाही याची चौकशी करणाऱ्यांना ती काय उत्तर द्यायची ते इथे लिहिता येणार नाही. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लागून बाक, बाकाच्या कडेला सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने पडलेले काळे डाग, बाकावर पोटं उघडून ठेवलेले रेडिओ, आणि सगळ्यात वरच्या फळीवर अप्पांचे बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे. घोडं पेंड खात होतं ते त्या डब्यांपाशी.

आता हे जरा नीट सांगायला हवं, कारण ज्याने जुना रेडिओ कधी उघडला नाही त्याला ताईचा राग कळायचा नाही. रेडिओच्या सुट्या भागावर त्याचं माप छापलेलं असावं, एवढी साधी अपेक्षा माणसाची असते. पण त्या काळात रेडिओ बनवणाऱ्या एका कंपनीला हा साधेपणा परवडत नव्हता. ती भागावर माप छापायचीच नाही. छापायची फक्त आपला घरचा नंबर. पहिले दोन आकडे भागाच्या जातीचे, पुढचे आकडे तो कितवा ते सांगणारे, आणि नंतर काही बदल केला असेल तर शेवटी एक अक्षर. हा नंबर म्हणजे काय हे कंपनीलाच ठाऊक. भाग गेला की नंबर सांगायचा, आणि कंपनीच्याच माणसाकडून नवा आणायचा. पुढे कंपनीने गाशा गुंडाळला आणि नंबर तेवढे मागे राहिले. घरमालक परागंदा आणि कुलपं मात्र दारोदार लोंबकळतायत, असला तो प्रकार.

तरीही नंबर असला की काही करता येतं. दहा सेट उघडले, तोच नंबर त्याच जागी दिसला, की कळतं. ताईने असंच शिकून घेतलं होतं. बत्तीसने सुरू होणारा नंबर म्हणजे आयएफटी. ही बोटाएवढी उंच, चौकोनी ॲल्युमिनियमची डबी असते, आत बारीक तारेची दोन वेटोळी, आणि पकडलेल्या स्टेशनातून हवं तेवढंच निवडून पुढे धाडायचं हे तिचं काम. बत्तीसच्या पुढचे आकडे बघून ताई सांगायची, ही पहिल्या टप्प्याची, ही दुसऱ्या टप्प्याची, ही मोठ्या सेटची, ही छोट्याची. बाहेरून सगळ्या डब्या सारख्याच. एकीच्या जागी दुसरी बसवली तर रेडिओ मुका होतो, नाहीतर कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा केकाटतो.

अप्पांनी त्या कंपनीला जन्मभर शिव्या घातल्या. "माप छापायला यांचं काय जात होतं? लोकांना बांधून ठेवायचं, दुसरं काय!" आणि एवढ्या शिव्या घालून झाल्यावर अप्पांनी काय केलं? तर कंपनीच्याही वरताण केलं. हातात येणाऱ्या प्रत्येक सुट्या भागावरचा नंबर त्यांनी दाढीच्या पात्याने खरवडून काढला. मोडीत आलेल्या सेटमधून डबी काढली की आधी पातं चालवायचं, मग ती डब्यात. म्हणजे ती डबी एखाद्या रेडिओत बसवली आणि उद्या तो रेडिओ दुसऱ्या कारागिराने उघडला, तर त्याला काही म्हणता काही कळू नये. त्याने डोकं खाजवावं आणि गिऱ्हाईकाला म्हणावं, हे ज्याने बसवलंय त्याच्याकडेच जा. आणि लोक येत. निमूट येत, वर अप्पांचं कौतुक करत. "अप्पांना नंबरबिंबर लागत नाही, हात लावला की ओळखतात!" अप्पा डबी तळहातावर तोलत, कानाशी नेऊन हलवत, नखाने तिचा तारेचा पाय खरवडत आणि म्हणत, "ही त्या सहा व्हॉल्व्हच्या सेटची." आणि ती तीच असे. हे खरंच होतं, उगाच खोटं कशाला बोला.

लहानपणी ताई तोंडाचा आ करून बघत राहायची. विचारायची, "अप्पा, कसं कळलं?" अप्पा म्हणत, "बघून बघून येतं." तिने बघितलं. वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून बघितलं. पण बघायला तिथे होतं काय? खरवडलेला पांढरा पत्रा. दादाला मात्र अप्पा शेजारच्या स्टुलावर बसवत, त्याच्या हातात मीटर देत, समजावून सांगत. दादा जांभया द्यायचा. स्टुलावर बसून त्याने जेवढ्या जांभया दिल्या तेवढ्यात ताईने अख्खा रेडिओ बांधला असता. पुढे दादा शिकायला गेला तो तिकडचाच झाला, आणि ते स्टूल रिकामं राहिलं. ताई त्यावर बसली. बस असं तिला कोणी म्हणालं नाही आणि ऊठ असंही कोणी म्हणालं नाही.

अप्पांची नजर अधू झाल्यापासून सगळं काम तीच करायची. डब्यांचं विचारलं की मात्र एकच ठरलेलं उत्तर. "सांगेन. वेळ आली की सांगेन." वेळ म्हणजे काय, ती कुठल्या गाडीने येणार होती, हे अप्पा सांगत नसत. शेवटी एकदा जेवताना त्यांनी जाहीर केलं, "दादा येतोय सुट्टीला. त्याला एकदा सगळे डबे समजावून देतो. मग दुकानाचं काय करायचं ते तो ठरवेल."

ताईचा घास हातातच राहिला. "दादा ठरवेल? त्याला सोल्डरिंगचं कुठलं टोक धरायचं ते तरी आठवतंय का?"

"थोरला आहे तो."

"आणि मी कोण? रखवालदार?"

अप्पा ताटाकडे बघत पाणी प्यायले. ताईने ताट सरकवलं आणि दुकानात जाऊन बसली. काम काही झालं नाही, नुसती आदळआपट झाली.

त्याच सुमारास शिलाईकाकूंचा रेडिओ आला. शिलाईकाकू मागच्या गल्लीत कपडे शिवायच्या. डोळे पार गेले नव्हते, पण सुई ओवायला शेजारच्यांना हाक मारावी लागायची, आणि दिवसभर मशीनच्या डोक्यावरच्या फळीवर रेडिओ चालू असायचा. त्या कडेवर घेऊन आल्यासारखा तो रेडिओ घेऊन आल्या.

"ताई, हा गप्पच झालाय गं. मशीनचा आवाज नुसता कानात घुसतोय. त्या आवाजाने माझा हात चुकतो बघ. काल एका बाहीला दोनदा उसवलं."

"बघते, काकू. ठेवा."

"अप्पांनीच केला होता मागे. चांगला चालला इतकी वर्षं."

अप्पांनी केला होता म्हणताच ताईच्या डोक्यात तिडीक गेली. मागचा पुठ्ठा काढला आणि जे वाटलं होतं तेच निघालं. व्हॉल्व्ह ठीक, बाकी ठीक, आणि मधोमध एक खरवडलेली आयएफटी. आतली तार हिरव्या गंजाने तुटलेली. कुठल्या नंबरची, कुठल्या टप्प्याची, देव जाणे आणि अप्पा जाणोत. ती डबी घेऊन ताई आत गेली.

"अप्पा, शिलाईकाकूंच्या सेटमध्ये तुम्ही घातलेली ही डबी गेलीय. हिच्या जागी कुठली घालू? वरच्या डब्यांत असेल ना?"

अप्पांनी डबी हातात घेतली, कानाशी नेली, बाजूला ठेवली. "दादा येऊ दे."

"काकूंना तोवर काय सांगू? दादा येईपर्यंत बाह्या उसवत बसा म्हणून?"

"दादा येऊ दे म्हटलं ना एकदा!"

दादा आला. येताना अप्पांसाठी स्वेटर, ताईसाठी छत्री. माणूस वाईट नव्हता, हे ताईलाही कबूल होतं, आणि त्याच्यावर धड चिडता येत नाही याचीही तिला चीड होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी धुतलेला शर्ट घातला, दादाला घेऊन दुकानात गेले, दादाकडून वरचे डबे खाली उतरवून घेतले आणि मग दाराशी उभ्या असलेल्या ताईला म्हणाले, "तू जरा चहाचं बघ." आणि दार लोटलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

तिच्या दुकानाच्या दाराला आतून कडी! ज्या दाराची बिजागरी तिने मागच्याच महिन्यात बदलली होती त्या दाराला! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहा तिने केला नाही. ती स्वयंपाकघरात भांडी घासत बसली, घासलेलीच भांडी परत घासली, आणि भिंतीपलीकडून अप्पांचा आवाज येत राहिला. शब्द कळत नव्हते. आवाज मात्र ओळखीचा होता, लहानपणी स्टुलाशेजारी उभं राहून ऐकलेला, समजावून सांगण्याचा.

दुपारी कडी उघडली. अप्पा दमून आत जाऊन आडवे झाले. दादा दुकानातच बसला होता. त्याच्यासमोर ते सगळे डबे, आणि आतल्या प्रत्येक डबीवर कागदाचा एक तुकडा डिंकाने चिकटवलेला, त्यावर दादाच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: मोठा सेट, पहिला टप्पा. छोटा सेट, दुसरा टप्पा.

"घे," दादा म्हणाला.

"काय घे?"

"हे सगळं. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. मला काय करायचंय गं याचं? त्यांना बरं वाटावं म्हणून बसलो. दुकान तुझंच आहे, मी त्यांना तसं सांगतो."

"द्यायला ते तुझं कधी होतं?" ताई म्हणाली. दादाने डिंकाची बाटली बंद केली. तो त्याच संध्याकाळच्या गाडीने परत गेला. छत्री तिने वापरायला काढायची नाही असं ठरवलं आणि ती दाराच्या मागे अडकवली.

राग होता तसाच होता, पण त्याच्या आड एक हुरहूर होती. उशिरा का होईना, दुसऱ्याच्या हातून का होईना, डबे बोलायला लागले होते. शिलाईकाकूंच्या गेलेल्या डबीवरही दादाने कागद लावला होता. तसाच कागद असलेली डबी तिने शोधून काढली, बसवली, रेडिओ लावला. मुका. हात चुकला असेल म्हणून सगळं परत तपासलं. हात चुकला नव्हता. तसाच कागद असलेली दुसरी डबी बसवली. रेडिओ असा केकाटला की सलूनवाला वस्तरा हातात धरून बाहेर आला.

"ताई, गिऱ्हाईकाचा कान जाता जाता वाचला!"

"गप बसा!" ताई ओरडली, आणि सलूनवाला गप बसला, कारण हा राग नेहमीचा नव्हता हे त्यालाही कळलं.

मग तिने सिग्नल जनरेटर काढला. डबीला एका बाजूने सिग्नल द्यायचा, तो वरखाली करत जायचं, आणि दुसऱ्या बाजूला मीटरचा काटा कुठे उसळी घेतो ते बघायचं. डबी कुठल्या सेटची ते अशा रीतीने कळतं. वेळखाऊ काम, पण खोटं न बोलणारं. पहिल्या डबीचा काटा भलत्याच जागी उसळला. कागदावर एक, आत दुसरंच. दुसरीचंही तसंच. तिसरी योगायोगाने जुळली, चौथी नाही, पाचवी नाही. फार जुन्या सेटमधल्या डब्या, ज्यांची उसळी नेहमीच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास येते, त्यांच्यावर 'मोठा सेट' म्हणून लिहिलेलं. दादाने चुकीचं लिहिलं असेल? दादा तसा गबाळा नव्हता. सांगितलं ते त्याने नीट लिहिलं होतं.

ताई उठली. तिच्याकडे एक डबी होती, अप्पांच्या हाताखालून कधीच न गेलेल्या एका सेटमधली, नंबर शाबूत असलेली. छोट्या सेटची, दुसऱ्या टप्प्याची. नंबरावर अंगठा ठेवून ती अप्पांच्या खाटेशी गेली.

"अप्पा, ही कुठली?"

अप्पा उठून बसले. अंगठ्यासकट ती डबी त्यांनी कानाशी नेली. "ही पहिल्या टप्प्याची. मोठ्या सेटची."

तिने चहा करून दिला. चहा पिऊन झाल्यावर तीच डबी परत पुढे केली. "आणि ही?"

"ही वेगळी. ही छोट्याची, दुसऱ्या टप्प्याची."

या खेपेला बरोबर आलं, आणि त्याने तिला जास्तच चीड आली. ती कपबशी विसळून आली आणि तिसऱ्यांदा तीच डबी पुढे केली. अप्पा तिसरंच काहीतरी म्हणाले, अगदी ठासून. ताईने अंगठा बाजूला केला. अप्पांनी डोळे बारीक करून नंबर बघितला, कितीतरी वेळ बघितला.

"तुला माहीत होतं, तर विचारतेस कशाला?" ते म्हणाले.

"कधीपासून, अप्पा?"

"काय कधीपासून?"

"कधीपासून आठवत नाही तुम्हाला?"

अप्पा खाटेच्या कडेवरचा दोरा ओढत बसले. मग म्हणाले, "तुझी आई होती तोवर येत होतं. त्याच्यानंतर कधीतरी."

म्हणजे वर्षं. म्हणजे ती वेळ यायची वाट बघत होती तेव्हा सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बाप कोत्या मनाचा आहे, लेकीपासून दडवून ठेवतो, म्हणून ती इतकी वर्षं दातओठ खात होती, आणि हा माणूस तसं समजू देत होता. कोता म्हणवून घेतलं, पण विसरलो म्हणून तोंडातून काढलं नाही.

"मग दादाला का बोलावलंत? कडी लावून काय सांगत होतात त्याला सकाळभर?"

"वाटलं, समजावून सांगायला बसलो की आठवेल," अप्पा म्हणाले. "पूर्वी आठवायचं."

"ते मला समजावूनही आठवलं असतं!"

"नसतं आठवलं तर? तुला कळलं असतं ना." अप्पांचा आवाज खाली गेला. "त्याला काय कळतंय?"

 मग ताई बोलली ती अशी, की सलूनमधलं कात्रीचं वाजणं थांबलं.

"मला कळतं म्हणून मला बाहेर ठेवलंत? मला कळतं हे तुम्हाला माहीत होतं? जन्मात एकदा तरी तोंडावर बोललात का तसं? लोकांनी दुसरीकडे जाऊ नये म्हणून नंबर खरवडलेत ना? कंपनीला शिव्या देत खरवडलेत! पण मी कुठे जाणार होते, अप्पा? मी तर इथेच होते. त्या भिंतीच्या अलीकडे. माझ्यापासून कशाला खरवडलेत?"

अप्पा म्हणाले, "तुझ्यापासून नाही गं." आणि कुशीवर वळले. त्या दिवशी ते जेवायला उठले नाहीत, आणि तिनेही उठवलं नाही.

त्यानंतर ताईने जे केलं ते केवळ रागाने केलं. काही लोकांना राग आला की ते काम टाकतात, हिचं उलटं होतं. तिने दादाचे कागद गरम पाण्याने सोलून काढले. नंबर शाबूत असलेल्या जेवढ्या डब्या तिच्याजवळ होत्या त्या एका बाजूला ओळीत मांडल्या, आणि अप्पांच्या खरवडलेल्या डब्या एकेक करून मीटरला लावल्या. काटा कुठे उसळतो, आतल्या दोन वेटोळ्यांचा रोध किती येतो, पाय कसे बाहेर काढलेत, हे सगळं ओळखीच्या डबीशी जुळवायचं. जुळलं की कंपनीचा तोच नंबर, बत्तीसपासून शेवटच्या अक्षरापर्यंत, बारीक कुंचल्याने तांबड्या ऑइलपेंटमध्ये डबीवर घालायचा. मोठ्या अक्षरात घालायचा. आंधळ्यालाही दिसेल एवढ्या. बापावरचा राग काढायला तिला अक्षराच्या उंचीशिवाय दुसरी जागा नव्हती. गिऱ्हाईकं खोळंबली, कोणी कुरकुरलं की ती म्हणायची, "घाई असेल तर घेऊन जा." कोणी घेऊन गेलं नाही.

अप्पा दारात येऊन उभे राहायचे. बघायचे. कधी विचारायचे, "ही कुठली निघाली?" ताई मान वर न करता सांगायची. थोड्या वेळाने परत त्याच डबीचं विचारायचे, की ताई आवाज चढवून परत सांगायची. सांगताना तिचे दात एकमेकांवर घासायचे, पण सांगायची. सांगायचं नाही म्हणजे काय असतं ते तिने भोगलं होतं.

शिलाईकाकूंच्या सेटची डबी त्यातच सापडली. बसवली, जनरेटर लावून पेच फिरवले, आणि रेडिओ असा बोलायला लागला की जणू मधे काही झालंच नव्हतं. काकूंना परत ओझं घेऊन हेलपाटा नको म्हणून ताईने तो स्वतः मागच्या गल्लीत पोचवला. काकूंनी तो मशीनच्या डोक्यावरच्या फळीवर ठेवला, लावला, आणि पायाने मशीन सुरू केली. मग गालावरून ओघळलेलं पाणी बाहीने पुसत म्हणाल्या, "अप्पांना सांग हो, त्यांच्या हाताला तोड नाही."

"सांगते," ताई म्हणाली, आणि काकूंच्या चिंध्यांच्या टोपलीला पाय लागला असं दाखवून ती एक लाथ मारूनच बाहेर पडली.

दुकानाचं दार उघडं होतं. अप्पा बाकाशी बसले होते, तिच्या स्टुलावर. कितीतरी महिन्यांनी ते असे ताठ बसले होते. समोर डबा उघडा, त्यातल्या डब्या ओळीने मांडलेल्या, हातात अर्धं मोडलेलं दाढीचं पातं. बाकावर, त्यांच्या मांडीवर, जमिनीवर तांबड्या रंगाचा भुगा पडला होता. पात्याचा आवाज येत होता, सावकाश, सरावाचा. अर्ध्या अधिक डब्या पुन्हा पांढऱ्या झाल्या होत्या.

"अप्पा!"

त्यांनी वर बघितलं. चेहऱ्यावर चोरी पकडल्याचं काही नव्हतं. उलट ते खूष दिसत होते.

"आलीस? बरं झालं. अगं, नंबर असे उघडे ठेवतात का? उद्या तू ही कुणाच्या सेटमध्ये घालशील, तो सेट दुसऱ्याकडे जाईल, तो बघेल आणि झालं. मग तुझ्या दुकानात कोण येणार?" त्यांनी इकडेतिकडे बघून आवाज लहान केला. "हे मी दादालासुद्धा सांगितलेलं नाही."

ताईने त्यांच्या हातातलं पातं काढून घेतलं. त्यांनी ते सहज सोडलं. तिला करून बघायचं आहे असंच त्यांना वाटलं. स्टुलावर अंग चोरून त्यांनी तिच्यासाठी जागा केली आणि तांबडा नंबर असलेली एक डबी तिच्या तळहातावर ठेवली.

"हलक्या हाताने करायचं हं," अप्पा म्हणाले. "पातं आडवं धर. असं. मी दाखवतो."

त्यांची सुरकुतलेली बोटं तिच्या बोटांवर आली आणि पात्याचा कोन नीट करू लागली. ताईच्या तोंडात शिव्या भरल्या होत्या, कितीतरी दिवसांची मेहनत भुगा होऊन तिच्या पायाशी पडली होती, आणि तिचा बाप जन्मात पहिल्यांदा तिला शेजारी बसवून शिकवत होता. तिला धड ओरडताही येईना.